पाळणाघरे : नोंदणी व अनुदानाचे नियम (मराठवाडा)

आई-वडील कामावर असताना साधारणतः सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा दिवसभरापुरता सांभाळ करणाऱ्या केंद्रास पाळणाघर म्हणतात. मराठवाड्याच्या खेड्यांत हा शब्द अजूनही शहरी वाटतो. तेथे कापूस वेचणीला किंवा खुरपणीला गेलेली बाई लेकराला बांधावरच्या लिंबाला अडकवलेल्या साडीच्या झोळीत निजवते, नाहीतर थोरल्या मुलीच्या कडेवर देते आणि त्या मुलीची शाळा बुडते. शासकीय भाषेत ‘पाळणा’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येत असल्यामुळे घोटाळा होतो. अनाथालयाच्या दाराशी टाकून दिलेल्या अर्भकासाठी टांगलेला पाळणा निराळा, आणि केंद्र शासनाच्या दिवसभराच्या सांभाळाच्या योजनेचे ‘पाळणा’ हे नाव निराळे. प्रस्तुत नोंद दुसऱ्या अर्थापुरती आहे.

खाजगी पाळणाघरासाठी महाराष्ट्रात एकच स्वतंत्र परवाना कायदा नाही. म्हणून ‘परवाना असलेले पाळणाघर’ या शब्दप्रयोगामागे प्रत्यक्षात निरनिराळ्या कायद्यांखालील कागद असतात. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड येथे राहत्या घराच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या पाळणाघरात दहापेक्षा कमी माणसे कामाला असतात, आणि महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खाली अशा आस्थापनेला नोंदणी घ्यावी लागत नाही, केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते. ही सूचना म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची तपासणी नव्हे, परंतु तिची पावती चौकटीत घालून भिंतीवर लावली की पालकांना ती परवान्यासारखीच दिसते. मुलांना शिजवलेले अन्न दिले जात असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीचा प्रश्न येतो. इमारतीला 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू असेल, तर अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा मात्र लहानमोठ्या प्रत्येक केंद्राला सारखाच लागू आहे. अपराध घडल्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाच त्याखाली गुन्हा ठरतो. मुले रात्री मुक्कामाला ठेवून निवासी संस्था चालवू लागल्यास स्वरूपच पालटते. काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके अशा संस्थेत राहत असतील, तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 41 खाली नोंदणी बंधनकारक आहे, आणि ती न घेणाऱ्या चालकास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मालकाने पाळणाघर पुरवावे हे बंधन याहून जुने आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 48 नुसार 30 पेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली ठेवणे आवश्यक होते. 1976 च्या दुरुस्तीपूर्वी हा आकडा 50 होता. स्त्रियांच्या संख्येवर बेतलेल्या या तरतुदीत मूळचाच एक दोष होता : तीस बायका ठेवल्या तर खोली लागत नाही आणि एकतिसावी आली की लागते, असा हिशोब ती मालकाला आपोआप शिकवत होती. प्रसूती लाभ अधिनियमात 2017 साली घातलेल्या कलम 11-अ ने स्त्री-पुरुष असा भेद न करता 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर ही जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने अधिनियमातही 50 कामगारांचीच मर्यादा असून एक किलोमीटरच्या परिसरातील अनेक आस्थापनांना मिळून एक पाळणाघर चालवता येते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत किंवा जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या परिसरात शेजारीशेजारी लहान एकके असल्यामुळे सामायिक पाळणाघराची ही सवलत कागदावर तरी सर्वांत उपयोगाची आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या असून सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम 67 ने 50 कर्मचाऱ्यांची अट आणि चार भेटींचा हक्क पुढे चालवला आहे.

अनुदानाची बाजू वेगळी आहे. स्वयंसेवी संस्थांना पाळणाघरांसाठी साहाय्य देण्याची केंद्राची योजना 1975 पासूनची. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे अंगणवाडी, सुरू झाली. पाळणाघरांच्या योजनेला 1 जानेवारी 2006 रोजी राजीव गांधी यांचे नाव मिळाले, 1 जानेवारी 2017 पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना या नावाने राज्यांकडे सोपवली गेली, आणि 2022 मध्ये केंद्राच्या महिलांविषयीच्या ‘मिशन शक्ती’ या योजनेच्या ‘सामर्थ्य’ या भागात ‘पाळणा’ म्हणून सामावली गेली. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची कल्पना या शेवटच्या टप्प्यातील आहे.

2017 च्या नियमांत खर्चाची वाटणी केंद्र 60, राज्य 30 आणि संस्था 10 टक्के अशी होती. एका पाळणाघरात 25 मुले, महिन्याला 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास काम, बारावी उत्तीर्ण सेविका व दहावी उत्तीर्ण मदतनीस, आणि त्यांना अनुक्रमे 3,000 व 1,500 रुपये मानधन, असा साचा होता. पालकांकडून शुल्क घेणेही अपेक्षित होते : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागे महिना 20 रुपये, 12,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांकडून 100 आणि त्यावर 200 रुपये. मानधनाचा आकडा पाहता प्रशिक्षित बाई या कामावर टिकण्याची अपेक्षा कोणत्या आधारावर धरली होती, हे समजणे कठीण आहे.

अनुदान घेणाऱ्या संस्थेची खरी कसोटी मुलांपेक्षा कागदांत लागते. संस्था 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असावी लागते, तिचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जावे लागतात, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेले बँक खाते या अलीकडच्या अटी आहेत. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार मिळालेल्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते, न वापरलेली रक्कम व तीवरील व्याजही हिशेबात दाखवावे लागते, आणि मागचे प्रमाणपत्र अडले की पुढचा हप्ता अडतो. बदल अर्ज वादात पडला, तर मुलांचा खाऊ कोणत्या सहीने काढायचा या प्रश्नावर चांगली चाललेली केंद्रेही बंद पडू शकतात.

मराठवाड्यात बहुसंख्य लहान मुलांपर्यंत पोहोचणारी व्यवस्था अंगणवाडीच आहे. 400 ते 800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी हे तिचे प्रमाण, आणि 13 डिसेंबर 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या, पण अंगणवाडी नसलेल्या वस्तीला ती मागण्याचा हक्क आहे. कुपोषणावरील कामाचा या विभागाशी जुना संबंध असून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन 2005 मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथूनच सुरू झाले. तथापि अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. तीन वर्षांखालील मूल तेथे बसत नाही, त्याला घरी नेण्याचा आहार मिळतो; तीन ते सहा वर्षांची मुले दुपारी परततात, तेव्हा सोयाबीन काढणीला गेलेली आई रानातच असते.

सर्वांत मोठा पेच ऊसतोडीचा आहे. बीड जिल्ह्यातून आणि जालना, परभणी, धाराशिव, लातूर या भागांतून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून मिळते, आणि त्यामुळे साखर कारखान्याच्या हजेरीपटावर ही बाई कामगार म्हणून दिसतच नाही; मग ती 30 स्त्रियांत किंवा 50 कर्मचाऱ्यांत मोजली कशी जावी? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या 1979 च्या कायद्याच्या केंद्रीय नियमांत 20 किंवा अधिक स्त्रिया असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद होती. बीडहून बेळगावकडे गेलेली टोळी तिच्या कक्षेत येऊ शकत होती, कोल्हापूरला गेलेली येत नव्हती, कारण तिने राज्याची सीमा ओलांडलेली नव्हती. पहाटेच्या थंडीत पाचटावर निजवलेल्या मुलाच्या दृष्टीने या दोहोंत काहीच अंतर नव्हते.

याउलट रोजगार हमीच्या कामांवर कायद्याने स्थळावरच उपाय केला होता, आणि त्याची पार्श्वभूमी मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे : 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांची लेकरे ढिगाऱ्यांच्या सावलीत असत. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीस नेमून तिला मजुरी द्यावयाची होती. येथे खोली, 25 मुलांचा पट, संस्थेची नोंदणी यांपैकी काहीच आड येत नव्हते.

ऊसतोड कामगारांच्या गावात 25 मुलांच्या पटावर अनुदान घेणारे पाळणाघर आश्विनात भरलेले आणि मार्गशीर्षात रिकामे असेल, तर तपासणीत ते बोगस ठरण्याचा धोका असतो, आणि ऊसतोडीच्या ज्या थळावर, म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी, मुले गेली तेथे त्या चार-पाच महिन्यांसाठी नवे केंद्र मंजूर होईपर्यंत हंगाम संपतो. पोषण ट्रॅकर या उपयोजनात लाभार्थ्याचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीत हलवण्याची सोय आहे. परंतु कोप्यांचा, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांचा, तळ बहुधा गावकुसाबाहेर असल्यामुळे, आहाराचा हक्क सोबत गेला तरी दिवसभराचा सांभाळ सोबत जात नाही. संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी काढलेली शासकीय वसतिगृहे आणि जिल्हा परिषदांची हंगामी वसतिगृहे शाळकरी मुलांसाठी आहेत. त्याहून लहान मूल आईबरोबर फडात जाते, आणि गावच्या अंगणवाडीच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढा शेरा उरतो.