एक आकडा, एक ठसा

आजवर नोंद नसलेलं रोमन नाणं सापडलं म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणी अज्ञात सम्राट उजेडात आला असेल. बहुतेकदा नवं असतं ते एखादं अक्षर, नाहीतर आकडा. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

पुब्लियस क्रेपूसियसची चांदीची नाणी घ्या. इ.स.पू. ८२ मध्ये तो रोमच्या टांकसाळीचा अधिकारी होता. रोमन सेनापती सुल्ला फौजेनिशी आदल्याच वर्षी इटलीत उतरला होता आणि रोममधल्या त्याच्या विरोधकांना सैन्याचे पगार भागवायचे होते. मग डिनॅरिअस, म्हणजे ही चांदीची नाणी, धडाधड पाडली गेली. नाणं जेमतेम चार ग्रॅमचं. एका बाजूला अपोलोचं मस्तक, शेजारी एक अक्षर आणि एक बारीक चिन्ह. दुसऱ्या बाजूला भाला उगारलेला घोडेस्वार, त्याच्या पाठीमागे रोमन आकडा. हे आकडे एकपासून पाचशेच्याही पुढे जातात.

चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरून वरून घण मारायचा, अशी तेव्हाची पद्धत. घोडेस्वाराचा ठसा वरचा. घाव थेट त्याच्यावर, म्हणून तो लवकर निकामी होई. नाणेतज्ज्ञ टेड बट्री यांनी १९७६ मध्ये दाखवलं की क्रेपूसियसच्या नाण्यांत प्रत्येक आकड्याला एकच ठसा होता. म्हणजे न पाहिलेला आकडा दिसला, तर न पाहिलेला ठसाच हाती लागला.

पण घाई नको. शेवटची रेघ काठाबाहेर गेली की सत्तावीसचा सव्वीस होतो. ठशात मळ साचला तरी रेघ उमटत नाही. शिवाय तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी त्या काळीही होती. म्हणून आकड्यावर विसंबायचं नाही. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे भाल्याचं टोक कुठे येतं, घोड्याचा खूर खाली कोरलेल्या क्रेपूसियसच्या नावातल्या कोणत्या अक्षरावर आहे, हे जुन्या फोटोंशी ताडून बघायचं. रिचर्ड शेफर या अमेरिकी अभ्यासकाने रोमन प्रजासत्ताक काळातल्या नाण्यांचे तीन लाखांच्या आसपास फोटो जमवून ठशांनुसार लावले. आता अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या संस्थेने ते काम हाती घेतलं आहे.

अजून किती ठसे दिसायचे बाकी आहेत, याचाही अंदाज बांधता येतो. जीवशास्त्रज्ञ न सापडलेल्या फुलपाखरांच्या जाती मोजतात, तेच गणित इथे चालतं: एकेकदाच भेटलेले ठसे जितके जास्त, तितके न भेटलेलेही जास्त. इतर नाण्यांच्या बाबतीत हे उत्तर तपासायला काही हातात नसतं. क्रेपूसियसच्या ठशांवर मात्र आकडेच कोरलेले आहेत, त्यामुळे गणित बरोबर आलं की नाही ते लगेच कळतं.

एका ठशातून किती नाणी निघत, यावर मात्र एकमत नाही. नाणेतज्ज्ञ मायकेल क्रॉफर्ड यांनी सुमारे ३०,००० हा आकडा धरला. तो मुळात काढताच येत नाही, असं बट्री शेवटपर्यंत म्हणत राहिले.