डबा पाठीला, फुगे दंडाला

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना डबा आठवत असेल. गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड पक्कं बंद केलेलं. तो दोरीनं पाठीवर, कमरेच्या जरा वर बांधायचा आणि काठावरून कुणीतरी ढकलून द्यायचं. त्याआधी वाळका भोपळा होता, पांगाऱ्याचं हलकं लाकूड होतं. नंतर ट्रकची ट्यूब आली. आता सोसायटीच्या पुलात दोन वर्षांच्या लेकराच्या दंडांत नारिंगी फुगे दिसतात. दोन्हींत कोंडलेली हवाच. पण ती बांधली कुठे, यावर पोराचं तोंड पाण्याबाहेर राहणार की पाण्यात जाणार हे ठरतं.

आधी थोडा हिशेब. आर्किमिडीजच्या नियमानं, बाजूला सारलेल्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढा वरचा रेटा आपल्याला मिळतो. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते. छाती भरून श्वास घेतला की आपण जेमतेम तरंगतो, सोडला की बुडू लागतो. १२ किलोचं मूलही पूर्ण पाण्यात असलं तर जवळजवळ बिनवजनाचं. अडचण डोक्याची. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं दोनेक किलोचं धरा. ते पाण्याबाहेर काढलं की तेवढा पाण्याचा आधार गेला, आणि ते दोन किलो बाकीच्या शरीराला खाली दाबू लागले. एक लिटर हवा पाण्याखाली गेली की साधारण एक किलोचा रेटा देते. म्हणजे दोन्ही फुग्यांत मिळून दोनेक लिटर हवा असली की हिशेब जमतो.

पण हा झाला वजनाचा हिशेब. शरीर पाण्यात वळतंही. हवेची बाजू वर आणि जड बाजू खाली येईपर्यंत ते स्थिरावत नाही. डबा पाठीला असेल तर पाठ वर, म्हणजे तोंड पाण्यात. लाइफ जॅकेटमध्ये तरंगणारा भाग मुद्दाम छातीवर आणि मानेमागे दिलेला असतो. चांगलं जॅकेट पालथ्या पडलेल्या मुलाला उताणं करू पाहतं. ते वर सरकून निघू नये म्हणून लहानांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा.

डबा या बाबतीत निर्दय आहे. कंबर वर उचलून तो शरीर आडवं ठेवतो, आणि पोहायला तेच लागतं. पण हातपाय थांबले की नाकातोंडात पाणी. म्हणून तो शिकवतो, वाचवत नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराला तो चालला, कारण मान उचलायची ताकद होती आणि काठावर दोर धरलेला काका होता. दोन वर्षांच्या मुलाला डबा बांधायचा विचारही नको.

दंडातले फुगे याच्या उलट टोकाचे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या बर्नहार्ड मार्कविट्झ यांची लहान मुलगी तळ्यात बुडता बुडता वाचली, त्यातून त्यांना हे फुगे सुचले. १९६४ मध्ये ते बाजारात आले. ते खांद्यांना वर धरतात, तोंड बाहेर राहतं, मूल खूश. पण पाय खाली लोंबतात आणि मूल पाण्यात उभं राहून सायकल मारू लागतं. उभं शरीर पाणी कापत नाही, अडवतं. त्यातही खटकणारी गोष्ट अशी, की बुडणारा माणूसही असाच उभा असतो: हात बाजूला दाबत, मान मागे, आवाज नाही. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा क्वचितच होतो. श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कशानं? लहान मूल अर्ध्या-एक मिनिटात खाली जाऊ शकतं. ओल्या दंडावरून फुगा सटकायला तर त्याहून कमी वेळ पुरतो.

पाय घालायची भोकं असलेली गोल ट्यूब मला फुग्यांहून वाईट वाटते. मूल पुढे वाकलं की जड डोकं ट्यूबच्या काठापलीकडे जातं, ट्यूब उलटते, पाय भोकांत अडकतात आणि डोकं खाली राहतं. त्याहून वाईट मानेतली ट्यूब. तान्ह्या बाळांचे गोड व्हिडिओ फिरतात तीच. एका बाळाचा मृत्यू आणि दुसऱ्याला रुग्णालयात हलवावं लागणं, या घटना कळल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जून २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला. हवा गेली की बाळ निसटतं, आणि सगळा भार मानेवर येतो तो वेगळाच.

मग शिकवायचं कधी? अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षाच्या आतल्या बाळांना धड्यांमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळतं असं मानत नाही. पाण्यात खेळवायला हरकत नाही, फक्त पाणी कोमट हवं, कारण बाळ लवकर गारठतं. वर्षानंतर चित्र बदलतं. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात धडे घेतलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी दिसला. अभ्यासातली मुलं थोडी होती, तेव्हा आकडा जपूनच धरावा. फुगे असोत वा नसोत, मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर हवं, आणि त्या हातात मोबाइल नको.

शिकताना हातात धरायची फळी बरी. सोडली की आधार संपला, हे मुलाला लगेच कळतं. फुगे घातलेल्या मुलाला ते कळत नाही. फुगे काढल्यावरही ते बिनधास्त उडी मारतं.

सर्वात स्वस्त साधन म्हणजे आईचा किंवा बाबाचा तळहात. मूल उताणं, मानेखाली हात, कान पाण्यात. कान भिजले की पहिल्यांदा रडारड होते. मग पोट वर, छाती भरलेली, आणि हात एकेक बोट करत काढायचा. तीन-चार सेकंद ते आपल्याच छातीतल्या हवेवर तरंगतं. मग आई कुठे गेली म्हणून मान उचलून बघतं, डोकं बाहेर येतं, पाय खाली जातात, आणि हात पुन्हा मानेखाली घालावा लागतो.