जिवाणू कुठे चिकटणार, हे ठरतं टोकावर

मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूमुळे होतो. एरवी तो आपल्या आतड्यात असतो. पण मूत्राशयात तो टिकतोच कसा? तिथे तर लघवी भरते, बाहेर पडते आणि दर वेळी सगळं धुऊन नेते.

त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांना पिलाय म्हणतात. जाडी जेमतेम ७ नॅनोमीटर. एकाच प्रथिनाचे असंख्य मणी गुंफून हा तंतू बनतो, टोकाला मात्र एक वेगळं प्रथिन बसवलेलं असतं: फिमएच. त्यात एक खळगा असतो आणि मॅनोज ही शर्करा त्यात नेमकी बसते. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या युरोप्लाकिन प्रथिनावर हीच शर्करा लटकलेली असते. झाली पकड!

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. प्रवाहाने जिवाणू ओढला गेला की ही पकड सुटण्याऐवजी आवळते. फिमएचचे दोन भाग ताणामुळे एकमेकांपासून दूर होतात आणि खळगा शर्करेवर घट्ट मिटतो, सरकगाठीसारखा. ताण कमी असताना पकड सैल असते, त्यामुळे जिवाणूला पुढे सरकताही येतं.

मूत्रपिंडाचं कुलूप वेगळं आहे. तिथल्या पेशींवर गॅलॅक्टोज या दुसऱ्या शर्करेच्या जोडीची खूण असते आणि ती ओळखतं पॅपजी हे दुसऱ्याच तंतूच्या टोकावरचं प्रथिन. ज्या ई. कोलायकडे हे असतं, त्यांच्यामुळे मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचण्याचा धोका वाढतो. हीच खूण पी रक्तगटाशी (हा ए-बी-ओपेक्षा वेगळा) निगडित आहे, म्हणून या तंतूंना पी-पिलाय म्हणतात.

आपलं शरीरही गप्प बसत नाही. मूत्रपिंड युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतं. त्यावरही मॅनोज असतं. फिमएच त्यालाच धरून बसतं आणि जिवाणू लघवीवाटे बाहेर जातो.

मग मॅनोजची पावडर घेतली तर? कल्पना सुरेख होती. पण वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांवरच्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रोज मॅनोज घेऊनही संसर्ग कमी झाले नाहीत, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आता संशोधक मॅनोजपेक्षा कितीतरी घट्ट बसून फिमएचचा खळगा अडवून धरतील असे रेणू घडवत आहेत. जिवाणूला मारायचं नाही, फक्त त्याचा हात रिकामा राहू द्यायचा नाही.