परदेशात नर्सिंगला जायचंय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

सिस्टर आणि ब्रदर मंडळींनो, ऑफिसात आल्याआल्या पहिला प्रश्न असतो "जर्मनीचे किती घेता?", म्हणून आधीच सांगतो, आम्ही नोकरी लावून देत नाही. मिरजेत बसून तुमचे कागद तयार करणं, फॉर्म भरणं, कुठली परीक्षा कधी द्यायची ते सांगणं, एवढंच आमचं काम. भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं आणि कायद्याने तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो. दोन-चार लाख मागितले, किंवा "टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बघू" म्हणाला की सरळ उठून या.

जर्मनीबद्दल सध्या खूप हवा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याबरोबर तिकडे मनुष्यबळ पाठवायचा करार केला हे खरं, पण त्यामुळे भाषेची अट सुटत नाही. रजिस्टर्ड नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू लेव्हलची, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल एवढी जर्मन लागते, आणि नाईट ड्युटी करून क्लास करायचा म्हणजे वर्ष सहज जातं, घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. तुमचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात, काय कमी पडतं त्याचं पत्र येतं, मग ती कसर परीक्षा देऊन किंवा तिथल्या हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंग करून भरून काढायची, तोपर्यंत हेल्पर म्हणून काम आणि पगारही त्याच हिशोबाने. तिकडे भरती करणाऱ्यांसाठी 'फेअर आनवेरबुंग फ्लेगे' नावाचा सरकारी शिक्का आहे, तो असेल तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, नर्सने नाही.

युकेला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा इथूनच देता येते, ओएससीई म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा मात्र तिकडे जाऊनच. आणि हे नीट लक्षात ठेवा, युकेत केअर वर्करसाठी (वृद्ध, आजारी माणसांची देखभाल करणारे, नर्स नव्हे) परदेशातून नवीन भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे, तरी अजून कुणी तो व्हिसा विकत असेल तर ती शुद्ध फसवणूक आहे.

आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ जातो ते, नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी मग स्वतःचं मग वडिलांचं, नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर उलटं, आणि लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नि सासरचं आडनाव, म्हणजे परदेशातल्या क्लार्कला या दोन वेगळ्या बायका वाटतात आणि फाईल तिथेच अडकते. त्यासाठी मॅरेज सर्टिफिकेट, लागलं तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन अपडेट करून घेणं, हे सगळं पहिल्याच महिन्यात सुरू करा. एक्सपीरियन्स लेटरवर वॉर्ड, बेड किती, तारखा, फुलटाईम की पार्टटाईम, सगळं असू द्या. "कामाला होत्या, वागणूक चांगली" एवढ्या पत्राने काही होत नाही.

काही जण विचारतात, नोकरी नको, सेवा म्हणून थोडे महिने जायचंय. खूप चांगला विचार आहे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, ही आपल्याकडची गोष्ट आहे. पण आज डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारखी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्था अनुभवी माणूसच घेते, आणि प्रवास नि विमा संस्थेचा असतो, वर मानधनही देते. उलट तुमच्याकडूनच पॅकेजचे पैसे घेऊन विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेत नेणारे पण आहेत, तिथे इंजेक्शन देऊ का असं कुणी विचारलं तर नाही म्हणा, जे काम तुम्हाला इथे सुपरव्हिजनशिवाय करू देत नाहीत ते तिथल्या गरीब पेशंटवर करायचं नाही.

नोकरीच्या करारावर सही करायच्या आधी एक कलम शोधा, दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर किती पैसे परत करायचे. आकडा दिसला नाही तर लेखी मागा. कराराची कॉपी आमच्याकडे आणलीत तर आम्ही बसून मराठीत समजावून सांगतो, त्याचे पैसे नाहीत. भेटायला येताना पासपोर्ट, सगळी मार्कशीट, रजिस्ट्रेशन यांच्या झेरॉक्स आणा, ओरिजिनल दाखवायला आणलेत तर दाखवून परत न्या, आमच्याकडेच काय, कुणाकडेच ठेवू नका.