नॉव्हू

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील हँकॉक परगण्यात, मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेले गाव. आजची वस्ती जेमतेम हजाराच्या घरातली. पण १८४० नंतरच्या चार-पाच वर्षांत येथे सुमारे बारा हजार लोक राहत होते आणि त्या काळच्या शिकागोशी त्याची तुलना होई. अमेरिकेतच जन्मलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतल्या पंथाचे नाव यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीशी जोडलेले असले, तरी त्याच्या इतिहासातले बहुतेक वाद उगमाकडे शोधत गेले की नॉव्हूला पोहोचतात.

शेजारच्या मिझुरी राज्याचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी २७ ऑक्टोबर १८३८ रोजी हुकूम काढला : मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर नेस्तनाबूत करा. (हा हुकूम अधिकृतपणे मागे घ्यायला १९७६ साल उजाडले.) नदी ओलांडून आलेल्या निर्वासितांनी १८३९ मध्ये कॉमर्स नावाची दलदलीची जागा घेतली. थंडीतापाने माणसे दगावत असतानाच पंथाचे प्रेषित जोसेफ स्मिथ यांनी तिला ‘सुंदर’ या अर्थाचे हिब्रू वळणाचे नाव दिले. डिसेंबर १८४० मध्ये राज्याकडून मिळालेली सनद भलतीच उदार होती. शहराला स्वतःचे न्यायालय आणि ‘नॉव्हू लीजन’ ही स्वतःची सेना ठेवता आली. शेजारच्या गावांच्या डोळ्यांत हे खुपू लागले.

नॉव्हूचे भांडण बंदुकीच्या आधी छापखान्यात सुरू झाले. ‘टाइम्स अँड सीझन्स’ हे पंथाचे नियतकालिक. त्याच्या १ मार्च १८४२ च्या अंकात स्मिथ यांनी शिकागोचे संपादक जॉन वेंटवर्थ यांना लिहिलेले पत्र आले. पंथाची १३ श्रद्धासूत्रे प्रथम त्यातच छापली गेली. पलीकडून वॉर्सॉ गावच्या ‘सिग्नल’मधून टॉमस शार्प तोफ डागत. शहराचे पहिले महापौर जॉन बेनेट १८४२ मध्ये पंथातून बाहेर पडले आणि त्यांनी गौप्यस्फोटांची पत्रेच वृत्तपत्रांना पुरवायला सुरुवात केली. बेनेट यांच्या शब्दावर फारसा भरवसा ठेवू नये. मात्र त्यांनी फोडलेली मुख्य गोष्ट, म्हणजे गुप्त बहुपत्नीत्व, खोटी नव्हती.

तीच गोष्ट ७ जून १८४४ रोजी ‘नॉव्हू एक्सपॉझिटर’ने प्रतिज्ञापत्रांसह छापली. हे चारपानी पत्र काढणाऱ्यांत विल्यम लॉ होते. ते काही काळापूर्वीपर्यंत स्मिथ यांचे निकटचे सल्लागार होते. बहुपत्नीत्वाबरोबरच एकाच माणसाच्या हाती धर्म आणि राज्य एकवटल्याचा आरोपही त्यात होता. महापौरपदी आता स्वतः स्मिथ होते. नगरपरिषदेने बसून पत्राला ‘सार्वजनिक उपद्रव’ ठरवले आणि १० जूनच्या संध्याकाळी शहराच्या मार्शलच्या (पोलीसप्रमुखाच्या) माणसांनी यंत्र फोडले, छपाईचे खिळे रस्त्यावर ओतले, उरलेले अंक जाळले. ‘एक्सपॉझिटर’चा दुसरा अंक निघालाच नाही. पण एका अंकाने जे झाले नसते, ते छापखाना फोडल्याने झाले. शार्प यांनी ‘सिग्नल’मधून उघडउघड दारूगोळ्याची भाषा केली.

दंगलीच्या आरोपावरून स्मिथ परगण्याचे ठाणे असलेल्या कार्थेजला हजर झाले, तेथे राजद्रोहाचा आरोप वाढला, आणि २७ जून रोजी तोंडाला काळे फासलेल्या जमावाने तुरुंगात घुसून त्यांना व त्यांचे बंधू हायरम यांना ठार केले. त्याच खोलीत ‘टाइम्स अँड सीझन्स’चे संपादक जॉन टेलर होते. गोळ्या लागूनही ते वाचले. त्यांचे खिशातले घड्याळ ५ वाजून १६ मिनिटांवर थांबले होते. घड्याळाने गोळी अडवली, असे टेलर यांनी मानले आणि पुढच्या पिढ्यांनी ते चमत्कार म्हणून सांगितले. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते मात्र ते खिडकीच्या कठड्यावर आपटून फुटले असावे. पुढे खटल्यात शार्प यांच्यासह पाचही आरोपी सुटले. जानेवारी १८४५ मध्ये सनद रद्द झाली आणि फेब्रुवारी १८४६ पासून स्मिथ यांच्यानंतर पुढारी झालेल्या ब्रिगम यंग यांच्या मागोमाग लोक पश्चिमेकडे, पुढे सॉल्ट लेकला वसण्यासाठी, निघाले. मागे राहिलेले मंदिर १८४८ मध्ये जळाले, उरल्यासुरल्या भिंतींची १८५० च्या वादळाने पडझड केली. १८४९ पासून काही वर्षे एत्येन काबे यांच्या फ्रेंच समाजवाद्यांनी येथे सामूहिक जीवनाचा प्रयोग केला. पुढे जर्मन वसाहतकरी आले, द्राक्षमळे लागले.

वाङ्मयाने नॉव्हूपेक्षा यूटावर अधिक शाई खर्च केली. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत (१८८७) मॉर्मन दिसतात ते मुली पळवणारे खलनायक म्हणून. मराठी वाचकांपैकी अनेकांची या पंथाशी पहिली गाठ तेथेच पडलेली असते, आणि ती गाठ काही न्याय्य नव्हे.

गावात मात्र दोन इतिहास शेजारी शेजारी नांदत. स्मिथ यांच्या पत्नी एमा पश्चिमेकडे गेल्या नाहीत. १८७९ मध्ये नॉव्हूतच वारल्या. पतीने बहुपत्नीत्व पाळले नाही, यावर त्या अखेरपर्यंत ठाम होत्या, आणि त्यांचे पुत्र पंथाच्या ज्या वेगळ्या शाखेचे प्रमुख झाले तिने तो दोष दीर्घकाळ यंग यांच्या माथी मारला. सॉल्ट लेकच्या शाखेने २०१४ मध्ये अधिकृत निबंधात स्मिथ यांच्या पत्नींची संख्या ३० ते ४० च्या दरम्यान असल्याचा अंदाज मान्य केला. तिनेच जुन्या जागी मंदिर पुन्हा उभारले. लोकार्पणासाठी तिथी निवडली २७ जून (२००२). स्मिथ कुटुंबाची घरे आणि लाल विटांचे दुकान मात्र दुसऱ्या शाखेकडे होते. याच दुकानाच्या माडीवर १७ मार्च १८४२ रोजी ‘रिलीफ सोसायटी’ ही स्त्रियांची संघटना स्थापन झाली होती. मार्च २०२४ मध्ये या वास्तूही, ओहायोतील कर्टलंड मंदिरासह, सॉल्ट लेकच्या शाखेने विकत घेतल्या.