‘गंभीर आणीबाणी अस्तित्वात आहे’ : एका वाक्याची पार्श्वभूमी

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी ज्या उद्घोषणेवर सही केली, तिचा मजकूर एका वाक्यात मावणारा होता. संविधानाच्या अनुच्छेद ३५२ ने दिलेल्या अधिकारानुसार आपण घोषित करतो की, अंतर्गत अशांततेमुळे भारताची सुरक्षितता धोक्यात आली असून गंभीर आणीबाणी अस्तित्वात आहे, एवढाच त्याचा आशय. मूळ इंग्रजी शब्द ‘अ ग्रेव्ह इमर्जन्सी एक्झिस्ट्स’ असे आहेत. मराठीत आपण आणीबाणी पुकारली म्हणतो, लादली म्हणतो. ती आणणारा कुणीतरी आहे हे त्या क्रियापदातच येते. इंग्रजी मसुद्यात मात्र ती आधीपासूनच ‘आहे’ आणि राष्ट्रपती केवळ तसे कळवतात. ही शब्दरचना १९७५ च्या सरकारची नव्हे, ती वसाहतीच्या काळातली आहे.

त्या काळातल्या भारत सरकार कायद्याचे कलम ७२ गव्हर्नर जनरलला आणीबाणीच्या प्रसंगी वटहुकूम काढण्याची मुभा देत असे. त्याच आधारावर तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी लाहोर कटाच्या खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमणारा वटहुकूम काढला. या न्यायाधिकरणाने भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना फाशीची शिक्षा दिली. वटहुकूम काढण्याजोगी आणीबाणी मुळात नव्हतीच, हा आक्षेप लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी १९३१ मध्ये तिथले न्यायाधीश लॉर्ड ड्युनेडिन यांनी तो फेटाळला. आणीबाणीची नेमकी व्याख्या करता येत नाही, ती आहे की नाही हे कुणीतरी ठरवावे लागते, आणि तो कुणीतरी म्हणजे एकटा गव्हर्नर जनरल, असा त्या निकालाचा रोख होता. म्हणजे ज्याला अधिकार वापरायचा आहे, त्यानेच तो वापरण्याचे कारण अस्तित्वात असल्याचे सांगायचे, आणि ते सांगणे हाच त्याचा पुरावा! २३ मार्च १९३१ रोजी तिघांना फाशी देण्यात आली.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम १०२ मध्ये ‘गंभीर आणीबाणी अस्तित्वात आहे’ ही शब्दावली, पुढे संविधानात आली जवळपास त्याच रूपात, दिसते. तिथे युद्ध आणि अंतर्गत अशांतता अशी दोन कारणे दिली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच गव्हर्नर जनरल लॉर्ड लिनलिथगो यांनी हे कलम वापरले. त्याच कायद्याच्या कलम ९३ मध्ये या शब्दावलीचे भावंड होते : प्रांताचा कारभार कायद्याप्रमाणे चालू शकत नाही अशी परिस्थिती ‘उद्भवली आहे’. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर मुंबई प्रांताला त्याचा अनुभव आला. आजची राष्ट्रपती राजवट, म्हणजे अनुच्छेद ३५६, त्याच घराण्यातली.

संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये या तरतुदींवर चर्चा झाली, तेव्हा हरि विष्णु कामत यांनी हिटलरपूर्व जर्मनीच्या वायमार संविधानाचा, त्यातल्या आणीबाणीच्या अधिकारांनी हुकूमशाहीला वाट दिल्याचा दाखला देऊन कडाडून विरोध केला. तरतुदी मात्र संमत झाल्या. शिवाय संविधानात एक खुलासाही होता : युद्ध, आक्रमण किंवा अशांतता प्रत्यक्ष घडण्यापूर्वीही, तिचा धोका नजीक आल्याची राष्ट्रपतींची खात्री झाल्यास, उद्घोषणा काढता येते. थोडक्यात, अशांतता अजून व्हायची असली तरी आणीबाणी ‘आहे’ असे लिहिता येते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे सैन्य सीमेवर होते आणि डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले होते, त्यामुळे त्या दोन्ही वेळी आणीबाणी पुकारली गेली तेव्हा ‘आहे’ या क्रियापदाकडे कुणाचे विशेष लक्ष गेले नाही. १९७५ चे प्रकरण वेगळे होते. १९७१ ची उद्घोषणा लागू असतानाच तिच्यावर दुसरी चढवली गेली. इंदिरा गांधींनी त्या रात्री राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्रात, अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेला नजीकचा धोका असल्याची माहिती मिळाली आहे असे म्हटले होते, आणि मंत्रिमंडळाची बैठक त्या रात्री घेणे शक्य नसल्याचेही नमूद केले होते. मंत्रिमंडळ दुसऱ्या दिवशी सकाळी जमले, तेव्हा सही होऊन गेली होती. पत्रात जो ‘धोका’ होता, तो उद्घोषणेत ‘अस्तित्व’ झाला. त्याच वर्षीच्या ३८ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींची ही खात्री अंतिम ठरवून न्यायालयांना त्यात डोकावण्याची मनाई केली. ड्युनेडिन यांचे म्हणणे आता संविधानातच लिहिले गेले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती मनाई काढली. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवण्याची अट आली आणि महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी घेणे बंधनकारक झाले. पुढे १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३५६ बाबत, राष्ट्रपतींची खात्री ज्या सामग्रीवर झाली ती तपासता येते, असे म्हटले. अनुच्छेद ३५२ मधले ‘एक्झिस्ट्स’ मात्र १९३५ च्या कायद्यात होते तसेच आहे, आणि घडण्यापूर्वी घोषित करण्याची मुभा देणारा तो खुलासाही.