खगोल संशोधनासाठी अर्ज : सीमाभागातल्या मुलांचे फॉर्म नेमके कुठे अडकतात

मागच्या पावसाळ्यात कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली एक मुलगी फाईल घेऊन घरी आली. एम.एस्सी. फिजिक्सला चांगले मार्क, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास, मुलाखतही उत्तम झालेली. अडली ती कागद तपासताना. जातीच्या दाखल्यावर तहसीलदारांची सही होती, आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) होता. फक्त तो राज्य सरकारच्या नमुन्यातला होता, आणि आदल्या आर्थिक वर्षातला. केंद्राच्या नमुन्यातला नवा दाखला हातात पडेपर्यंत मुदत संपली.

अशी प्रकरणं दर वर्षी बघतो, म्हणून लिहितोय. फॉर्म कसा भरायचा ते संस्थांच्या वेबसाइटवर असतं. इथे अडतं कुठे तेवढंच सांगतो.

आधी, ज्याला अर्जच लागत नाही ते. अवकाश दुर्बिणींचा डेटा फक्त पीएच.डी.वाल्यांना मिळतो, असं समजून मुलं प्रोजेक्टला पुन्हा तोच डायोड घेतात. आपला अ‍ॅस्ट्रोसॅट हा खगोल उपग्रह 28 सप्टेंबर 2015 रोजी अवकाशात गेला. त्याच्या अतिनील दुर्बिणीने एका आकाशगंगेकडे 28 तासांहून जास्त पाहिलं, आणि 930 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला अतिनील प्रकाश पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गटाने 2020 मध्ये जगापुढे मांडला. अ‍ॅस्ट्रोसॅटची निरीक्षणं इस्रोच्या डेटा सेंटरच्या साइटवर आहेत, आदित्य-एल1 ची सूर्याची निरीक्षणं 'प्रदान' या पोर्टलवर. ई-मेलवर नोंदणी करायची आणि उतरवून घ्यायचं. हबल, वेब, केप्लर, टेस या अवकाश दुर्बिणींचा खुला डेटा 'मास्ट' या संग्रहात आहे, त्याला नोंदणीही नको. तारे मोजणाऱ्या गाइआ या युरोपीय यानाची 13 जून 2022 ची यादी घ्या, सुमारे 180 कोटी तारे आहेत. फी नाही, बोनाफाईड नाही, झेरॉक्स नाही.

इथेही एक ठेच लागते. मुलं सगळ्यात ताजं निरीक्षण निवडतात आणि 'सर, साइट बंद आहे' म्हणून फोन करतात. साइट बंद नसते. ज्याने ते निरीक्षण मागितलं, त्याच्यासाठी काही काळ डेटा राखून ठेवलेला असतो. हबल आणि वेबला साधारण 12 महिन्यांपर्यंत. दोन-तीन वर्षांपूर्वीचं निवडा, लगेच मिळेल. आणि फाईल काही जीबींची असते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवत बसू नका.

दुर्बीण स्वतःच्या प्रश्नाकडे वळवून घ्यायची असेल तर प्रस्ताव द्यावा लागतो. वेबसाठी देशाची अट नाही, अमुक पदवीचीही नाही. पण रांग मोठी. चौथ्या फेरीत 2,377 प्रस्ताव आले आणि सुमारे 78,000 तास मागितले गेले. जितका वेळ होता त्याच्या नऊपट. त्या फेरीची मुदत 15 ऑक्टोबर 2024, रात्री 8, पण ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. आपल्याकडे तेव्हा 16 तारखेची पहाटे साडेपाच. माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक 15 ला मध्यरात्री 'चुकली वेळ' म्हणून लॅपटॉप मिटून झोपले. साडेपाच तास शिल्लक होते!

दुसरी गोष्ट मला फार आवडते. या प्रस्तावाच्या मजकुरात आपलं नाव, विद्यापीठ, 'आमच्या आधीच्या संशोधनात' असं काही लिहायचं नाही. वाचणाऱ्याला अर्ज कुणाचा हे कळता कामा नये. तशी खूण सापडली तर प्रस्ताव बाद होऊ शकतो. तिकडे नाव दिसलं म्हणून बाद, इकडे नावातलं एक अक्षर हललं म्हणून बाद.

आता मुख्य विषय, म्हणजे संशोधनाची जागा आणि फेलोशिप. दरवाजे साधारण चार परीक्षांचे: सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट, जेस्ट, आणि पुण्यात आयुका व एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) यांची मिळून होणारी प्रवेश परीक्षा. कोणती संस्था कोणता स्कोअर धरते हे त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, सिनियरला विचारू नका. नेटला खुल्या वर्गाला आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) एम.एस्सी.त 55 टक्के लागतात, ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमी लेयर), एससी, एसटी यांना 50. निकाल लागायचा असेल तरी फॉर्म भरता येतो, तेव्हा विद्यापीठाच्या निकालाची वाट बघत वर्ष घालवू नका. मार्क्स कार्डावर सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतराचं पत्र परीक्षा विभागाकडून आधीच मागून ठेवा. हे पत्र कुणाकडेच नसतं आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना हवं असतं.

जातीच्या दाखल्याकडे येतो. कर्नाटकाची मागासवर्गांची 1, 2ए, 3बी ही वर्गवारी राज्यापुरती. नेटला केंद्राची ओबीसी यादी चालते. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साइटवर कर्नाटकाची यादी उघडा आणि आपली जात तिथे आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. असेल तर नाडकचेरीत (कर्नाटकातली स्थानिक महसूल कचेरी) 'केंद्र सरकारसाठी ओबीसी' असं स्पष्ट सांगून अर्ज द्या. नुसतं 'कास्ट-इन्कम पाहिजे' म्हटलं की राज्याचा कागद हातात येतो; त्यात काउंटरवरच्या माणसाचा दोष नाही, दिवसभर तो तेच छापत असतो. दाखला 1 एप्रिलनंतरचा घ्या. राज्याच्या दाखल्यावर मुदत बाकी दिसते म्हणून निर्धास्त राहिलेली किती मुलं मी पाहिली!

उत्पन्नाचा घोळ याहून मोठा. नॉन-क्रीमी लेयरची मर्यादा वर्षाला 8 लाख आहे, पण ती मोजताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. उसाचं बिल मोठं आलं म्हणून घाबरून फॉर्म खुल्या वर्गातून भरणारे आहेत. ईडब्ल्यूएसला मात्र उलट. तिथे सगळं उत्पन्न धरतात आणि कुटुंबाकडे 5 एकर किंवा जास्त शेती असली तर दाखला मिळत नाही.

जात राज्याच्या यादीत आहे पण केंद्राच्या नाही, असं असेल तर केंद्राच्या कामासाठी ईडब्ल्यूएस मागता येतं. कचेरीत 'तुम्ही मागासवर्गात येता, मिळणार नाही' असं ऐकवतील. केंद्राचा 31 जानेवारी 2019 चा आदेश छापून सोबत न्या. त्यात केंद्राच्या आरक्षणात न बसणाऱ्यांसाठी अशी अट आहे. शांतपणे दाखवा. दुसऱ्या खेपेला काम होतं, पहिल्या खेपेला क्वचितच. तलाठी आणि सर्कल यांची चौकशी व्हायची असते, तेव्हा महिनाभर हाताशी ठेवा.

सीमाभागातला खास गैरसमज वेगळाच. 865 गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा असतात, त्याला गाव वादग्रस्त भागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. तोच कागद मुलं संशोधन प्रवेशालाही जोडतात, कारण आयुका पुण्यात आहे. आयुका पुण्यात असली तरी ती यूजीसीची, म्हणजे केंद्राची; तिथे या कागदाचा उपयोग नाही. आणि कोल्हापूरला मामाकडे राहून तिथला जातीचा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका. जात वडिलांच्या मूळ राज्यावरून धरतात. निपाणीचं घर निपाणीतच.

नावाचं दुखणं शेवटी ठेवलं, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव, पुढे वडिलांचं आद्याक्षर. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव आणि आडनाव. पदवीला आडनाव आधी. पाटीलच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे 'आय', दुसरीकडे 'डबल ई'. फॉर्म दहावीच्या मार्क्स कार्डाप्रमाणेच भरा आणि आधार त्याला जुळवून घ्या, उलटं करू नका. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे सेंटरवर टाइप करणाऱ्याच्या स्क्रीनवर स्वतः वाचून मगच ठसा द्या. दहावीच्या कार्डातच चूक असेल तर शाळेतून बोर्डाकडे जावं लागतं, त्यात महिने जातात. ते काम एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच उरका.

उन्हाळी प्रकल्पांना शिफारसपत्र लागतं. त्याची लिंक थेट सरांच्या ई-मेलवर जाते आणि बरेचदा स्पॅममध्ये पडून राहते. फॉर्म सबमिट केल्यावर सरांना मेसेज नको, फोन करा. ते वर्गात असतील तर स्टाफरूमबाहेर थांबा, आणि त्यांच्याच मोबाइलवर स्पॅम उघडून दाखवा.